विसणाचं पाणी

पोटाचं दुखणं फार नतद्रष्ट. पाय मोडला तर माणसं बघायला येतात, ताप आला तर कपाळावर हात ठेवतात. पण आव पडते म्हटलं की समोरचा आधी दोन पावलं मागे सरकतो आणि मग विचारतो, "आता बरं आहे ना?" काय डोंबल बरं असणार! मला हे दुखणं मुलाच्या बाळंतपणानंतर लागलं, साल छप्पन, आणि पुढे चार वर्षं त्याने माझा पिच्छा सोडला नाही. तेव्हा लाजेपायी जे तोंडातून निघालं नाही ते आता सांगते. ऐंशीच्या घरात आल्यावर लाज बाळगून करायचं काय?

माझं सासर मालवणच्या दक्षिणेला, अगदी किनाऱ्यावर. नवरा मुंबईला गिरणीत. तो बोटीने यायचा, बोटीने जायचा, आणि पावसाळ्यात बोटी बंद झाल्या की त्याचा काही संबंधच नसायचा. घरात सासू, मी आणि माझा मुलगा. त्या काळी घरात संडास कुणाकडे होता? उजाडायच्या आत बायका टमरेल घेऊन केवड्याच्या झुडपांआड जाऊन यायच्या, की दिवसभराचा प्रश्न मिटला. धडधाकट माणसाला ही सोय ठीक आहे. मला मात्र सकाळपासून दुपारपर्यंत आठ-दहा वेळा धावावं लागायचं, आणि उजाडलं की त्याच किनाऱ्यावर रापण लागलेली. पन्नास बाप्ये जाळ्याचे दोर ओढतायत, बायका टोपल्या घेऊन उभ्या, आणि माझ्या पोटात मुरडा. जाऊ कुठे मी? ओठ दाबून, पदर पोटाशी आवळून दाराआड उभी राहायचे आणि रापणीत त्या दिवशी मासळी कमी लागू दे म्हणून देवाला विनवायचे, म्हणजे माणसं लवकर पांगतील. गावाच्या पोटावर पाय आणणारी प्रार्थना, पण करायचे खरी.

सासूबाई वाईट नव्हत्या. त्यांनी कुड्याच्या सालीचा काढा दिला, इतका कडू की जीभ दुसऱ्या दिवसापर्यंत कामातून जायची. जायफळ उगाळून दिलं, बेलफळ भाजून दिलं, डाळिंबाची साल दिली. मीठ-मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या. शेवटी देवळात नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. "ह्या लेकराच्या पोटातली पीडा भायर काढ रे म्हाराजा!" गाऱ्हाणं घालणारा ओरडला आणि सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" मी हात जोडून उभी होते आणि मनात म्हणत होते, अरे, भायर काढायला काय सांगता, ती दिवसभर भायरच तर पडतेय!

वर्ष-सव्वा वर्ष असं काढल्यावर सासूबाईंनी एके दिवशी मला पडवीत बोलावून सांगितलं, "तू आवशीकडे जा गो. बरी होवन ये. झील हयच रवांदे. तुझा दुखणा पोराक लागला तर काय करूचा?"

आवस म्हणजे आई, आणि झील म्हणजे माझा मुलगा. दीड वर्षाचा. नुकताच अंगावरून सुटलेला.

मी भांडले. चांगली भांडले. पण त्याच आठवड्यात मी विहिरीवर भोवळ येऊन पडले होते आणि पोर बाजूला चिखलात बसून रडत होतं, हे साऱ्या वाडीने पाहिलं होतं. त्यामुळे माझ्या भांडण्यात काही दम नव्हता. होडीत बसले तेव्हा तो सासूबाईंच्या कडेवर केळं खात होता. मला वाटलं, आता आकांत करील. मेला रडलासुद्धा नाही. केळं खात राहिला. मीच खाडी संपेपर्यंत रडत होते.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट. पोट बरं झालं की मुलगा परत. पोट बरं नाही, तर मुलगा नाही.

माझं माहेर खाडीच्या आतल्या अंगाला. वडील मी सात-आठ वर्षांची असतानाच गेले होते, भाऊ मुंबईला, घरात आई एकटी. चढणीवर काजूची बाग, तिच्या पायथ्याशी आमची विहीर, आणि विहिरीच्या खाली घर. आईने मला दारात पाहिलं आणि म्हणाली, "अर्धा होवन इलंस गो!" आणि त्या क्षणापासून तिने माझा ताबा घेतला. मऊ पेज, ताक, तांदळाचं धुवण. मला पाणीसुद्धा शेंदू द्यायची नाही. न्हाणीतल्या चुलीवरच्या भाण्यात पाणी तापवायची, ते बादलीत काढायची, कळशीतलं गार पाणी घालून विसण करायची, कोपर बुडवून बघायची आणि मग म्हणायची, "चल." दोन-अडीच वर्षांचं बाळंतपण होतं ते, फक्त बाळ दुसऱ्याकडे.

मालवणला एक नवा डॉक्टर आला होता. त्याच्याकडे रोगाचे किडे दिसणारी दुर्बीण आहे, असं लोक सांगत. मी हट्ट धरला. आई म्हणाली, परक्या बाप्याला हे काय सांगायचं? मी म्हटलं, तू सांगू नको, मी सांगते. कबूल, म्हणाली. आणि तिथे गेल्यावर माझ्या आधी स्टुलावर जाऊन बसली.

"काय होतंय?" डॉक्टरने मला विचारलं.

"पोटात वायगोळो आसा तिच्या," आई म्हणाली.

"शौचाला किती वेळा होते?"

"जाता आपला मधी मधी."

"रक्त पडतं का?"

"नाय, नाय! रक्त कशाक?"

मी आईकडे बघतच राहिले. आमच्याकडे म्हणतात ना, आपला ठेवायचा झाकान आणि दुसऱ्याचा बघायचा वाकान, तशातली गत. रक्त पडत होतं, ते तिला ठाऊक होतं, कारण माझी लुगडी तीच धूत होती. पण परक्या माणसासमोर लेकीच्या रक्ताचं नाव काढायचं म्हणजे तिला मरणप्राय. शेवटी मी म्हटलं, "पडतं. आणि दिवसातून दहा वेळा जावं लागतं." आईने पदर तोंडावर ओढला तो दवाखान्याबाहेर पडेपर्यंत काढला नाही. वाटेत म्हणाली, "लाज इकलंस."

"इकली," मी म्हटलं. "माका माझो झील होयो."

डॉक्टरने नमुना मागितला होता. ताजा आणा, म्हणाला, तासाभराच्या आत. आता आमच्या घरापासून मालवण म्हणजे आधी शेताचे बांध, मग होडी, होडीवाला पलीकडच्या तीरावर असला तर त्याला हाका मारत बसणं, माणसं भरेपर्यंत थांबणं, मग पुढची चाल. तासाभराच्या आत तिथे कावळा पोचेल, मी नाही. तरी गेले. औषधाची रुंद तोंडाची बाटली घासून घेतली होती. आईने ती केळीच्या पानात गुंडाळली, वरून फडकं बांधलं आणि तांब्यात उभी करून दिली. होडीत होडीवाल्याची नजर तांब्यावर.

"काय गो बाय, मध घेवन चललंस?"

"व्हय."

"डाक्तराक?"

"डाक्तराकच."

"माका पण चाखूक दी मगे."

पोटात कळ येत असताना मला असं काही हसू फुटलं की होडीवाला घाबरला. त्या चार वर्षांत पोट धरून हसले ते तेवढंच एकदा.

पण डॉक्टरला त्या शिळ्या नमुन्यात काहीच दिसलं नाही. दुर्बिणीवरून डोळा काढून म्हणाला, "तसं काही नाही हो. मुलापासून लांब आहात, मनाला लावून घेताय. मन शांत ठेवा." आणि गुलाबी रंगाचं पाणी दिलं बाटलीत. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मन शांत ठेवा! मन शांत ठेवून काजूच्या झाडाखाली उकिडवं बसून बघ म्हणावं एकदा, पावसात, हातात इरलं धरून! तोंडावर म्हटलं नाही. घरी येऊन आईला म्हटलं, दोनदा.

तीन वेळा असाच नमुना नेला, तीन वेळा काही दिसलं नाही. चौथ्या खेपेला मी त्याच्या ओटीवर बसकण मारली. म्हटलं, मी आता इथून हलत नाही, इथेच मला जायला होईल आणि इथेच तुम्ही बघा. दवाखान्याच्या मागे त्याने आजाऱ्यांसाठी चार खाटा टाकलेल्या होत्या. त्याच्या बायकोला माझी दया आली की भीती वाटली कोण जाणे, पण मला एक खाट मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी नमुना गरम गरम दुर्बिणीखाली गेला आणि डॉक्टर आतून ओरडला, "सापडले! अहो, भरपूर आहेत!" त्याला इतका आनंद झाला की विचारू नका. मला बोलावून दाखवलं. काचेखाली काहीतरी पसरत होतं, सरकत होतं. वर्षानुवर्षं जे माझ्या मनात होतं म्हणे, ते असं काचेखाली चालत होतं.

मग सुया सुरू झाल्या. त्या सुया फार जहाल. हृदयावर येतात म्हणून खाटेवरून उठायचं नाही. दंडावर, मांडीवर गाठी यायच्या. पण आव थांबली. खरंच थांबली. भात खाल्ला तर भात पोटात राहिला. डॉक्टरने पुन्हा तपासलं आणि म्हणाला, "गेले. आता महिना-दीड महिना आईकडे विश्रांती घ्या. तिखट नको, मासळी नको, आणि पाणी उकळलेलंच प्यायचं. खदखदून उकळायचं. मग एकदा दाखवा आणि सासरी जा." आई न्यायला आली होती. त्याने तिलाही बजावलं. तिने मान डोलावली, घरी आल्याबरोबर पिण्याच्या पाण्यासाठी तांब्याचं वेगळं पातेलं घासलं, आणि दुसऱ्या पहाटेपासून रोज पाणी उकळायला लागली.

तीन आठवड्यांत माझी आव परत सुरू झाली.

पुन्हा दवाखाना, पुन्हा खाट, पुन्हा सुया. पुन्हा बरी. पुन्हा घरी. पुन्हा आव. दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं म्हणतात. माझं येतानाही हत्ती, जातानाही हत्ती, आणि फिरून दारात हत्ती.

मधेच शिमग्याला नवरा रजेवर आला आणि मुलाला एक दिवस माझ्याकडे घेऊन आला. मी आदल्या दिवसापासून काही खाल्लं नव्हतं, मुद्दाम, पोट गप्प राहावं म्हणून. मुलगा आता चांगला चालत होता, बोलत होता. माझ्याकडे बघून बापाला विचारलं, "ही कोण?" बापाने सांगितलं, "आवस तुझी." त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, "आवस घराक आसा." म्हणजे माझी सासू! खोबऱ्याची वडी दाखवून, गोड बोलून त्याला मांडीवर घेतलं. अंग ताठ करून बसला होता. हळूहळू सैल पडला, डोकं माझ्या छातीला टेकवलं. आणि देवा, नेमका तेव्हाच मुरडा आला. मी दात आवळले, घाम फुटला, तरी उठले नाही. मग उठावंच लागलं. टमरेल घेऊन चढणीवर धावले, आणि तिथे बसून देवाला, डॉक्टरला, स्वतःच्या पोटाला, सगळ्यांना शिव्या घातल्या. परत आले तर त्याला उन्हाच्या आत घेऊन जायचं म्हणून नवरा निघाला होता. लांब बांधावर त्याच्या खांद्यावर ते एवढंसं डोकं दिसत होतं.

तिसऱ्या वेळी सुया संपल्यावर डॉक्टर खुर्ची ओढून माझ्या खाटेशी बसला. चेहरा गंभीर.

"बाई, खरं सांगा. इथे तुम्ही बऱ्या होता. घरी गेलात की महिन्याभरात परत. बांगडा खाता का चोरून?"

बांगडा! वर्षभर मी बांगड्याचा वाससुद्धा घेतला नव्हता. शेजारी बांगडा भाजायला लागले की मी गोठ्यात जाऊन बसायचे.

"नाही खात."

"मग पाणी उकळत नसाल."

"आई रोज उकळते."

"कोमट करते की उकळते?"

"उकळते म्हटलं ना!" मी ओरडले. "माझी आई खोटं बोलत नाही!" शेजारच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली. डॉक्टर म्हणाला, मग मला काही समजत नाही, आणि या सुया पुन्हा देता येणार नाहीत, हृदय सोसणार नाही. आता परत आव पडली तर मला विचारू नका. तेवढं बोलून तो उठून गेला.

घरी आले ती या धाकात. दोन आठवडे बरे गेले. काजूचा हंगाम होता. एके पहाटे पोटात जरा कुरकुरलं तसं माझ्या काळजाचं पाणी झालं. टमरेल घेऊन चढणीवर गेले तर बागेत बिया वेचायला माणसं आधीच आलेली. आडोसा नाही. चरफडत तशीच मागे वळले. एरवी मी त्या वेळी बराच वेळ वर असायचे. परत येईपर्यंत पिण्याचं पाणी उकळून, निवून, झाकून तयार असायचं. त्या दिवशी मागच्या दाराने आत आले तर आई चुलीपाशी होती. पातेलं नुकतंच खाली उतरवलेलं, पाण्याला अजून उकळी फुटत होती. तिने विहिरीवरून आणलेली कळशी उचलली आणि सरळ, सहज, दोन तांबे पाणी त्यात ओतलं. वर बोट घालून बघितलं.

मी दारातच उभी राहिले.

"आये, ह्या काय करतंस?"

"इसण घालतंय." तिने वळूनही पाहिलं नाही.

"पिवच्या पाण्यात?"

"मगे? नुसता कढत देव तुका?"

"डाक्तरान उकळूक सांगल्यान मां?"

"उकळलंय मगे! चांगला खदखदून उकळलंय. बघ, तुझ्या डोळ्यांदेखत अजून वाफ येता."

"रोज घालतंस?"

"रोज."

सांगते तुम्हांला, मला तेव्हा उलगडलं. डॉक्टरच्या घरचं पाणी दुपारपर्यंत गरम राहायचं, फुंकून प्यावं लागायचं. आईचं पाणी मात्र लगेच पिता यायचं, आणि मी मूर्ख, मी तिला म्हणायचे, आये, तुझ्या हातचं पाणी लवकर निवतं गो! वर काजूच्या बागेत मी दिवसातून दहा वेळा जात होते, खाली पायथ्याशी विहीर, आणि त्या विहिरीचं कच्चं पाणी रोज पहाटे माझ्या पातेल्यात. माझाच रोग मला परत पाजला जात होता, तेही प्रेमाने, झाकण ठेवून.

मी ते पातेलं पायाने उडवलं. चूल विझली, घरभर वाफ. जे तोंडाला येईल ते बोलले. तीन वेळा सुया खाल्ल्या तुझ्यापायी, माझं पोर मला ओळखत नाही तुझ्यापायी, दुश्मन बरा तुझ्यापेक्षा, असं सगळं. आई ओल्या जमिनीवर उभी. तिने मला बोलू दिलं. माझा श्वास संपला तेव्हा एवढंच म्हणाली, "बिनइसणाचा पाणी मेल्याक घालतत गो. माझा चेडू जिता आसा."

आणि मला वडील गेले तो दिवस आठवला. अंगणात तीन दगडांवर पाणी तापवलेलं, त्यांना पाटावर बसवून दोघांनी धरलेलं. मी लहान, मला वाटलं पाणी फार कढत आहे, म्हणून तांब्याभर गार पाणी घेऊन पुढे गेले. आत्येने हातावर फटका मारला. "मेल्याक इसण नाय." इतकी वर्षं न्हाणीत विसण घालताना आई तेच आठवत असणार. जिवंत माणसाला विसणाशिवाय पाणी द्यायचं नाही, मग ते अंगावरचं असो की पोटातलं. डॉक्टरने उकळायला सांगितलं, तिने उकळलं. विसण घालू नका असं तो कुठे म्हणाला होता? आणि मला त्या घरात जन्म घेऊन कधी विचारावंसं वाटलं नाही.

माझा राग काही लगेच उतरला नाही. उतरायचं कारणही नव्हतं. मी मालवणला जाऊन डॉक्टरला सांगितलं. तो आधी हसला, मग टेबलावर हात आपटला, मग म्हणाला, "विसण! अहो, हे मला कसं सुचणार?" मी म्हटलं, "मला तरी कुठे सुचलं?" घरी येऊन आईला सांगितलं, उद्यापासून विसण नाही. आई म्हणाली, "मगे तुझा तू उकळ. माझ्या हातान तसला पाणी तुका देवचंय नाय." मी उकळलं. ती माझ्यासमोर ते पाणी मी पिताना बघायची नाही, उठून बाहेर जायची.

तिसऱ्या दिवशी पेज वाढता वाढता म्हणाली, "कालचा उकळलेला पाणी निवला काय झाकून ठेवचा. आजचा उकळला काय तेच्यात ताच इसण म्हणान घालूचा. चलात मां तुझ्या डाक्तराक?"

मी पेजेचा वाडगा तिच्यापुढे केला. मग म्हटलं, "चलात."

त्यानंतर आमच्या घरात पाण्याची दोन पातेली झाली, कालचं आणि आजचं. रोज पहाटे आई आजच्यात कालचं दोन तांबे ओतायची, बोट बुडवून बघायची आणि समाधानाने झाकण ठेवायची. चौथ्यांदा सुया लागल्या नाहीत. पाऊस गेला, भात कापून झालं, पोट गप्प. डॉक्टरने पुन्हा पुन्हा तपासलं आणि म्हणाला, "जा बाई आता सासरी. आणि माझ्या दारात परत येऊ नका."

गेले. साठ सालच्या दिवाळीआधी. सासूबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, म्हणाल्या, "भरलंस गो," आणि मुलाला पुढे ढकललं. तो त्यांच्या लुगड्यामागे लपला. त्याला मला आये म्हणायला पुढचा शिमगा उजाडला, आणि दुखलं-खुपलं की तो कितीतरी वर्षं आधी तिच्याकडेच धावायचा. गेलेली वर्षं कोणी भरून देत नाही, सुया नाही आणि देवही नाही. त्याचा राग मला अजून येतो. कोणावर, ते विचारू नका. पातेल्यावर.

आई पुढे सात-आठ वर्षांनी गेली, फार त्रास न होता. निरोप आला तशी मी होडी पकडून गेले. अंगणात तीन दगडांवर पाणी ठेवलेलं होतं, शेजारच्या बायका तिच्या आंघोळीची तयारी करत होत्या. पाणी उतरवलं. वाफा येत होत्या. माझा हात आपसूक कळशीकडे गेला, तांब्या भरला, मी उठले. शेजारणीने माझं मनगट धरलं.

"नाय गो बाय. आता इसण नको."

मला ठाऊक नव्हतं थोडंच? मी पाण्यात बोट घालून बघितलं, आई बघायची तसं. चटका बसला.

"भाजात गो तिका," मी म्हटलं.

मनगट सोडवून घेतलं नाही मी. थोड्या वेळाने तांब्या खाली ठेवला.